आठवा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यात आवाजाचं कुणाला नवल नव्हतं. कटिंग मशीनचा सुरा धाडकन खाली यायचा, शिलाई मशीन दिवसभर कटकट करायचं, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आपटल्या जायच्या. हे सगळं वहिनींच्या कानांनी कधीच पचवलं होतं. पचत नव्हती ती एकच गोष्ट, धाकट्या दिरांची इटलीची रेकॉर्ड.

पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, पण गाडा ओढायच्या वहिनीच. दीर वहिनी म्हणायचे म्हणून कामगारही वहिनी म्हणायचे, कागदवालाही वहिनी म्हणायचा, आणि एकदा वीजबिलाची चौकशी करायला आलेला साहेबही जाताना "येतो वहिनी" म्हणून गेला होता.

रेकॉर्ड भावजींना जुन्या बाजारात मिळाली होती, एका मोडक्या पेटाऱ्याच्या तळाशी. पाकिटावर चित्र होतं ते असं: दाढ काढायच्या खुर्चीत एक मासा बसलाय, अंगात कोट आहे आणि तोंड उघडं आहे.

"हे काय आहे?" वहिनींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"ते समजायला आधी ऐकावं लागतं."

"आणि ऐकून समजतं?"

"ऐकलं की मग समजायची गरज वाटत नाही."

भावजींच्या सांगण्याप्रमाणे इटलीतल्या पाच पोरांनी एवढी एकच रेकॉर्ड काढली. ती कुणी घेतली नाही. मग पोरं आपापल्या वाटेने गेली. "याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात वहिनी. जगात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे ही."

"जगाचं नशीब," वहिनी म्हणाल्या.

धाकट्या जाऊबाईंनी ती घरातून केव्हाच हाकलली होती. "या घरात ही राहील नाहीतर मी," असं त्या म्हणाल्या, आणि भावजींनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. तेव्हापासून रेकॉर्ड आणि प्लेअर दोन्ही कारखान्यातल्या फळीवर, डिंकाच्या डब्याशेजारी नांदत होते. भावजी प्रत्येकाला धरून ऐकवायचे. कागदवाल्याला ऐकवली, तो पुढच्या खेपेला माल दारातच टाकून पळाला. थोरल्या भावाला ऐकवायचा प्रश्नच नव्हता. जन्मभर कटिंग मशीनशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता. रेकॉर्ड लागली की ते शांतपणे वळून डावी बाजू प्लेअरकडे करायचे. वहिनींना त्या कानाचा कधीकधी हेवा वाटायचा.

पण भावजींसारखी मुखपृष्ठं चढवणारा माणूस गावात नव्हता. त्यांच्या हातचं कव्हर म्हणजे पाठीवर सुरकुती नाही, कोपऱ्यात खळीचा थेंब नाही. म्हणूनच त्या प्रकाशकाचं काम आलं तेव्हा वहिनींना नमतं घ्यावं लागलं.

प्रकाशक मोठा होता. वर्षभर पुस्तकं काढायचा. आधीच्या बाइंडरने त्याची कव्हरं उलटी चिकटवून दिली होती, म्हणून तो नवा बाइंडर शोधत होता. "एक पुस्तक देऊन बघतो," तो म्हणाला. "एकही प्रत खराब निघाली नाही तर वर्षाचं सगळं काम तुमच्याकडे. एक जरी निघाली तरी नमस्कार." वहिनींनी मान डोलावली. पावती पुस्तकं आणि कॅलेंडरं बांधून बांधून हात थकले होते. एकदा तरी खरी पुस्तकं बांधायला मिळावीत, दुकानात मांडलेली दिसावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. पुस्तक रहस्यकथेचं होतं.

"मी कव्हरं जीव लावून करतो," भावजी म्हणाले. "पण काम चालू असेपर्यंत रेकॉर्ड माझी वाजणार."

"रेडिओ आहे की चांगला."

"हात माझे हवे असतील तर कानही माझेच सांभाळायला हवेत, वहिनी."

अडला हरी म्हणतात तशी गत. वहिनींनी रेडिओची पिन काढली.

आता काम कसं चालतं ते सांगायला हवं. छापखान्यातून मोठे ताव येतात. तावाची घडी घातली की सोळा पानांची जुडी होते, तिला फर्मा म्हणायचं. या रहस्यकथेचे आठ फर्मे होते. लांब टेबलावर कडेने आठ चळती ओळीने मांडायच्या. मग मामी आणि उंट टेबलाभोवती चालत प्रत्येक चळतीतून एकेक फर्मा उचलायचे, आठवा हातात आला की सगळी जुडी टेबलावर धप्पकन ठोकून कडा सारख्या करायच्या आणि शिलाईला टाकायची. मामी या कुणाच्याच मामी नव्हत्या, पण वयाने मोठ्या आणि जिभेने त्याहून. उंटाचं नाव त्याच्या मानेमुळे पडलं होतं. दोघं वर्षानुवर्षं रेडिओतल्या गाण्यांच्या ठेक्यावर चालायची. पाय ठेक्यावर पडायचे, हात पायांमागे जायचे, तोंड गप्पा मारायला मोकळं राहायचं. मोजत कुणीच नव्हतं. मोजायला लागलं की काम निम्म्यावर येतं, हे वहिनींनाही ठाऊक होतं.

निम्मं काम झालं. निम्म्या प्रती शिवून, कव्हर चढवून, कडा कापून दाराशी रचल्या होत्या. टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. वहिनी सकाळी चहाचा कप घेऊन सहज टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचा चहा तोंडातच राहिला.

सात चळती हातभर उरल्या होत्या. आठवी चांगली दीड हात होती.

"हे काय?"

उंटाने मान लांब करून पाहिलं. "छापखान्याने जास्त पाठवले असतील."

वहिनींनी छापखान्याला फोन लावला. छापखानावाला म्हणाला, "ताई, फुकट छापायला मी काय धर्मशाळा उघडलीय?" आणि फोन ठेवला.

वहिनींनी दाराजवळच्या थप्पीतून एक पुस्तक उचललं आणि शेवटचं पान उघडलं. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं. तो म्हणत होता, "खुनी याच खोलीत आहे, आणि तो म्हणजे". त्यापुढे कोरा अस्तराचा कागद.

"म्हणजे कोण?" उंटाने खांद्यावरून वाचत विचारलं.

"म्हणजे तू!" वहिनी ओरडल्या.

दुसरं पुस्तक उघडलं, ते पुरं होतं. तिसरंही पुरं. पुढच्या काही प्रतींत पुन्हा खुनी मोकाट. मग पुन्हा बऱ्या प्रती. कशाला कशाचा मेळ नव्हता. वहिनींना घाम फुटला. थोरले मशीन थांबवून आले, एक पुस्तक हातात घेऊन त्यांनी चिमटीत दाबलं आणि म्हणाले, "हं." नवरा "हं" म्हणाला की प्रकरण गंभीर, हे वहिनींना लग्नापासून ठाऊक होतं.

"तुम्ही दोघं गप्पा मारत होतात," वहिनी म्हणाल्या.

"गप्पा काय आज मारतोय?" मामी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमचं लग्न झालं नव्हतं तेव्हापासून मारतेय. कधी फर्मा गळला?"

"मग चाला माझ्यासमोर. बघू दे मला."

दोघं चालली. आठ उचलले, धप्प. पुन्हा आठ, धप्प. वहिनींच्या नजरेखाली कोण चुकणार? परीक्षेला बसलेल्या पोरांसारखी दोघं ताठ मानेने चालत होती आणि गोगलगायीला लाजवतील इतक्या हळू.

तेवढ्यात भावजी खळीचा ब्रश पुसत आले. "वहिनी, डोकं तापवून काही सुचत नाही. जरा रेकॉर्ड लावतो. दुसरी बाजू. मन शांत होईल."

"माझं मन त्या माशासारखं झालंय भावजी. तोंड उघडं आणि समोर डॉक्टर!"

पण भावजींनी सुई ठेवलीसुद्धा. आधी बराच वेळ कुणीतरी खोल विहिरीत ऑर्गन वाजवत असल्यासारखं झालं. मग ढोल आले, बासरी आली, आणि ते सगळं एकाच जागी गरागरा फिरायला लागलं. वहिनी कपाळाला हात लावून पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसल्या. मामी आणि उंट कामाला लागली. पाय सैल झाले, माना हलायला लागल्या, गप्पा सुरू झाल्या.

आणि वहिनींना दिसलं. मामी पाचव्या चळतीशी होत्या, सहाव्याशी गेल्या, सातवा उचलला, आणि धप्प. आठव्या चळतीवरून हात हवेत तसाच गेला. मागून उंट आला. पाच, सहा, सात, धप्प.

वहिनी उठल्या नाहीत. मांडीवरच्या पुठ्ठ्यावर बोट आपटायला लागल्या. इटलीचा तो ढोलवाला ढण्ण करून एक जोरात मारायचा, मग गडबडगोंधळ, मग पुन्हा ढण्ण. त्या गोंधळात त्यांनी बोट घट्ट धरून ठेवलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा धरलं.

"सात!" त्या उभ्या राहिल्या. "भावजी, हे सात का आहे?"

भावजी कव्हरला खळ लावत होते. त्यांचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"सात! रेडिओतलं गाणं चारात चालतं. चार आणि चार आठ. आठ फर्मे, मग धप्प. सगळ्या जगाचं असंच चालतं. या मेल्यांनी सात कुठून आणलं? सातावर जोर येतोय, यांचा हात धप्प करतोय, आणि माझा आठवा फर्मा जागच्या जागी!"

भावजींच्या ब्रशवरची खळ कव्हरवर टपकली. आयुष्यात पहिल्यांदा. "वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले. "इतकी वर्षं झाली. बायकोला कळलं नाही. दादाला कळलं नाही. मित्र म्हणायचे, नुसता गोंगाट. तुम्हाला सात ऐकू आले!"

"ऐकू आले? डोळ्यांना दिसले! ते दारापाशी पडलेत बघा, खुनी न सापडलेले! इथं आपला कारखाना बुडायला निघालाय आणि तुम्ही डोळे काय पुसताय?"

"आनंदाने पुसतोय."

"बंद करा ते आधी!"

रेकॉर्ड बंद झाली. वहिनींनी रेडिओची पिन लावली, छानपैकी चारातलं गाणं शोधून मोठ्याने सोडलं, आणि सगळ्यांना कामं वाटली. भावजींनी झालेल्या प्रती एकेक उघडून बघायच्या आणि अपुऱ्यांची कव्हरं सोलायची. वहिनी आठवा फर्मा जोडून हाताने पुन्हा शिवणार होत्या. मामी आणि उंटाने उरलेलं निम्मं काम उरकायचं होतं.

थोड्या वेळाने वहिनींनी टेबलावरून एक जुडी उचलून पाहिली. सात फर्मे.

"अहो मामी!"

"काय करू?" मामी रडकुंडीला आल्या होत्या. "गाणं चालू आहे रेडिओत, पण डोक्यात तेच मेलं घुमतंय. दोन दिवस तेच ऐकलंय. काल घरी भांडी घासताना सुद्धा तेच. सुनबाई विचारते, सासूबाई, हे कुठलं भजन?"

उंट म्हणाला, "माझे पायच ऐकत नाहीत, वहिनी."

वहिनींनी रेडिओ बंद करून पाहिला. शांततेत मामी तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागल्या, आणि धप्प सातावर. वहिनींनी टेबलाच्या टोकाला उभं राहून दर फेरीला "आठ!" असं ओरडून पाहिलं. त्यांच्या ओरडण्याने उंट दचकायचा आणि दोन फर्मे उचलायचा. घसा बसला, दुपार झाली, चळती जागच्या हलेनात. मोजून मोजून चाललं तर टेम्पो परत जाणार होता. न मोजता चाललं तर खुनी सुटणार होता.

वहिनी टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या. सातव्या चळतीकडे पाहिलं, आठवीकडे पाहिलं. मग नवऱ्याला हाक मारली, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने.

"अहो, इकडे या. सातवा फर्मा घ्या, त्याच्याखाली आठवा ठेवा, दोन्ही मिळून एक जुडी. अशी चळत लावत बसा. टेबलावर आता सातच चळती राहतील."

थोरल्यांनी क्षणभर विचार केला. "हं," ते म्हणाले. हे "हं" वेगळं होतं.

मग वहिनींनी एक मोठा श्वास घेतला. "भावजी, लावा तुमची ती."

भावजी उडालेच. पाकिटातून रेकॉर्ड काढली, फुंकर मारली, पहिल्या बाजूच्या सुरुवातीला सुई ठेवायला गेले.

"तिथे नाही. ते दुसऱ्या बाजूवरचं सातवालं फक्त. ते संपलं की सुई उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. दुसरा ठेका आला तर हे दोघं पुन्हा घोळ घालतील."

भावजींचा चेहरा पडला. "वहिनी, असं कसं? ती सलग ऐकायची असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अशी तुकड्यात ऐकणं म्हणजे..."

"पुस्तकही तुकड्यात वाचायचं नसतं. तरी आपण विकायला निघालो होतो ना? लावा."

भावजींनी सुई ठेवली. मामी निघाल्या, उंट निघाला. सात चळती, धप्प. सात चळती, धप्प. वहिनींनी जुडी उचलून फर्मे चाळले. आठ. पुढची जुडी, आठ. त्या शिलाईला जाऊन बसल्या.

ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस कारखान्यात तेवढा एकच तुकडा वाजत राहिला. ढोल, ऑर्गन, बासरी, गरगर, आणि सुई वर. पुन्हा ढोल. भावजी एका हाताने कव्हरं सोलत होते आणि दुसऱ्या हाताने सुई मागे घेत होते. आधी ते मान डोलावत होते. मग मान थांबली. मग ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "वहिनी, थोडा वेळ रेडिओ लावूया का? बदल म्हणून."

"का? जगात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे म्हणे ही."

"हो, पण तिलाही विश्रांती हवी. खाचा झिजतात."

"मामींचे गुडघे झिजतायत, त्यांचं काय?"

मामी टेबलाच्या पलीकडून ओरडल्या, "विचारा, विचारा! इटलीला पत्र लिहून विचारा!"

भावजी पुटपुटत पुन्हा सुईकडे वळले. दुपारपर्यंत त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि सुई ठेवताना ते डोळेही मिटून घेत. ढोल सुरू झाले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, अगदी तशीच जशी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कपाळाला पडत होती. कंटाळून त्यांनी एक युक्ती केली. सुई जरा पुढे ठेवायला लागले, म्हणजे तेवढाच तुकडा छोटा व्हावा.

वहिनी सुईदोरा ओढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "भावजी, श्वास कापलात."

"काय?"

"बासरी सुरू व्हायच्या आधी तो माणूस श्वास घेतो. तो गेला. मागे घ्या."

भावजी प्लेअरपाशी तसेच उभे राहिले. वहिनींनी दोरा दाताने तोडला आणि चिडून म्हणाल्या, "बघताय काय? सुरुवातीला मला वाटलं, हे काय, फुंकणाऱ्याचा श्वास कशाला ठेवलाय यात? कुणी पुसला का नाही? आता त्याची वाट बघत टाका घालतेय मी, आणि तुम्ही तोच खाताय. मागे घ्या म्हणते ना."

भावजींनी सुई मागे घेतली. ढोल आले, ऑर्गन आला, आणि त्या गदारोळात एका परक्या माणसाने घाईघाईने, हलकेच श्वास आत ओढला. वहिनींचा टाका पडला. भावजींनी मग सुई पुन्हा पुढे ठेवली नाही.

टेम्पो आला तेव्हा शेवटच्या थप्पीचा डिंक नुकताच वाळला होता. प्रकाशक स्वतः आला होता. मधल्या थप्पीतलं एक पुस्तक त्याने ओढलं, पाठ पाहिली, कोपरे दाबले, शेवटचं पान उघडून वाचलं. मग दुसऱ्या थप्पीतलं. मग तळातलं, ज्यासाठी सगळी थप्पी हलवावी लागली. वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या होत्या. मामींनी उंटाचा दंड घट्ट धरला होता.

"खुनी कोण ते आधीच वाचलंत," उंटाला राहवलं नाही. "आता पुस्तकात मजा काय उरली?"

प्रकाशक हसला. "मला आधीच ठाऊक होतं. मीच छापलंय." पुस्तक थप्पीवर ठेवून तो वहिनींकडे वळला. "पुढचं हस्तलिखित छापखान्यात गेलंय. ताव तुमच्याकडेच पाठवायला सांगतो."

टेम्पो गेला. मामी जमिनीवरच पाय पसरून बसल्या. थोरल्यांनी मशीन पुसायला घेतलं. भावजींनी हुश्श करून प्लेअरचं बटण बंद केलं आणि रेकॉर्ड उचलायला हात घातला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या पुढे काय होतं?"

"कशाच्या?"

"त्या सातवाल्याच्या. कालपासून दारात उभं केलंय मला. आत काय आहे ते दाखवा की."

"पुढे गाणं सुरू होतं. पण वहिनी, खरं सांगू? आज नको. मला आता उलटी होईल."

"तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा. मी ऐकते."

भावजी बाहेर गेले नाहीत. त्यांनी सुई ठेवली आणि स्टुलावर डोकं धरून बसले. सातवाला भाग आला आणि गेला. मग सगळं थांबलं, आणि एक माणूस गायला लागला, एकटाच, आवाज फाटेपर्यंत. त्याचं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. वहिनींनी भुवया आवळल्या.

"हा का आला मध्येच? बरं चाललं होतं की. आणि एवढा ओरडतोय का?"

भावजींनी डोकं वर केलं. "वहिनी, त्याच्याशिवाय ती पुरी होत नाही! तो आधी का येत नाही, हेच तर..."

"मला नाही पटत. आधी आला असता तर काय बिघडलं असतं?"

"आधी? आधी आला असता तर त्या बासरीला अर्थच राहिला नसता! तुम्ही नीट ऐकतच नाही आहात!"

"मी नीट ऐकत नाही? मी?" वहिनी पुठ्ठ्यांची थप्पी सोडून स्टुलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मागे घ्या सुई. मागे घ्या म्हणते. दाखवते तुम्हाला कुठे यायला हवा होता तो."